न फुटलेलं बोर

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो आहे. या अंकाचे संपादक आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. दर वर्षी गणपती उठले की ते मला जिन्यात गाठतात आणि म्हणतात, "पेडणेकर, स्टुडिओतल्या गमती लिहा की." एका वर्षी मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं, पुढल्या वर्षी बायकोच्या गुडघ्याचं. तिसऱ्या वर्षी काही सुचेना, तेव्हा दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पुढे केला. गमती मी तोंडी भरपूर सांगतो. पण सांगताना एक नेहमी गाळतो, आणि ती गाळून बाकीच्या छापायला द्यायच्या म्हणजे खोट्या कागदावर सही केल्यासारखं वाटतं.

यंदा माझी सून सायली कंपनीच्या सहलीला गेली आणि दंडावर लिंबाएवढा काळानिळा डाग घेऊन आली.

"कुणी मारलं गं?" बायकोनं विचारलं.

"आमच्या मॅनेजरनं."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार, आई? तो आमच्याच टीममध्ये होता. चुकून लागली."

मग तिनं समजावून सांगितलं. मोठी, शिकलेली, पगारदार माणसं रंगाच्या गोळ्या भरलेल्या बंदुका घेऊन झाडाझुडपांमागे लपतात आणि एकमेकांना टिपतात. गोळी अंगावर फुटून रंग लागला की तो माणूस बाद. पेंटबॉल म्हणतात. याचे पैसे ते देतात, त्यांना मिळत नाहीत, हे मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. तिच्याकडे एक कागदही होता, नव्या खेळाडूंनी शिकायच्या शब्दांचा. तो तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. आपल्याच माणसाची गोळी लागली तर ती 'फ्रेंडली फायर'. अंगावरचा रंग गुपचूप पुसून खेळत राहणारा तो 'वायपर'. आणि गोळी लागून फुटलीच नाही, उडून गेली, तर 'बाउन्स'.

"मला बाउन्सच लागला," सायली दंड चोळत म्हणाली. "गोळी जुनी असणार. जुनी झाली की कडक होते, फुटत नाही आणि दुप्पट लागते. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, बाबा, तुम्हाला यातलं काय कळणार."

मी तिच्या हातातून कागद घेतला आणि बाल्कनीत जाऊन बसलो. मला त्यातलं काय कळतं, हे आता लिहितो.

मी अंधेरीच्या एका स्टुडिओत ऐंशी सालाच्या आसपास लागलो. स्टुडिओचं नाव सांगत नाही. आमचं काम माणसं मारायचं. पडद्यावर व्हिलनच्या माणसाच्या शर्टावर गोळी लागते आणि लाल डाग उमटतो, तो डाग आम्ही उमटवायचो. दुसरीकडे त्यासाठी कपड्याच्या आत छोटा बार लावत. आमचे फ्रान्सिस मास्तर मरोळचे, पापभीरू माणूस. दारूला हात लावायचा नाही असा त्यांचा नेम होता. प्यायच्या नव्हे, बाराच्या. म्हणून त्यांनी आपली पद्धत काढली होती. जिलेटिनची पोकळ गोळी करायची, आत लाल रंग भरायचा आणि हवेच्या दाबाच्या नळीतून ती पंधरा फुटांवरून छातीवर मारायची. नळीला आम्ही फुंकणी म्हणायचो, गोळीला बोर. दिसायची तशीच, पिकल्या बोरासारखी. हवेची टाकी मास्तरांनी पंक्चरवाल्याकडून आणली होती आणि तिच्यावर 'येथे ट्यूब मिळतील' असं शेवटपर्यंत लिहिलेलं होतं.

कामावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी आमची भाषा शिकावी लागे. ताजं बोर मऊ असे, ते 'कच्चं', नळीतच फुटायचं. दोन तासांनी ते 'पिकायचं', तेव्हाच मारायचं. दुसऱ्या दिवशी ते चिवट होई आणि तिसऱ्या दिवशी त्याचा 'खडा' व्हायचा. डाग अगदीच टिकलीएवढा आला तर 'हळदीकुंकू' आणि कॅमेऱ्यापर्यंत शिंतोडे गेले तर 'रंगपंचमी'. नेम चुकून भलत्यालाच लागलं तर आम्ही म्हणायचो, 'पाहुणा मेला'. सायलीच्या मॅनेजरनं पाहुणा मारला होता. एका माणसाला मारण्यासाठी किती सारखे शर्ट आणले आहेत, यावर किती वेळा चुकता येईल ते ठरे. म्हणून मास्तर सकाळी आल्या आल्या धोब्याला विचारत, "आज हिरोच्या भावाची किती मरणं आहेत?" आणि धोबी थैली चाचपून सांगे, "तीन."

मरणाऱ्यांचेही प्रकार होते. बोर लागायच्या आधीच कोसळणारा तो 'उतावळा'. लागूनही न मरणारा 'अमर'. बळवंत म्हणून एक अमर होता. तीन बोरं लागली तरी खांबाला धरून उभाच.

"अरे पड ना," मास्तर ओरडले.

"मास्तर, सासुरवाडीचे लोक पिक्चर बघणार. एका गोळीत गेलो तर काय म्हणतील?"

त्याच्यासाठी शेवटी कॅमेऱ्याबाहेरून एकानं पाय ओढायचा, असं ठरवावं लागलं.

बोरं भरायचं काम जनूचं. जनार्दन सोनवणे, मूळचा नगरकडचा, राहायचा घाटकोपरला. माझ्या आधी दोन वर्षं लागलेला, वयानं माझ्याएवढाच. त्याच्या हातात कला होती. शिसं ओतून त्यानं स्वतः साचे केले होते, अर्ध्या अर्ध्या वाटीचे, सुपारीएवढे. जिलेटिन भिजवून गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात विरघळवायचा, साच्यात फिरवायचा, सुकलं की रंग भरून दोन वाट्या गरम सुरीनं चिकटवायचा. जोड दिसायचा नाही. आतल्या रंगाला पाणी चालत नसे, पाण्यानं कवच आतून वितळतं. जनू त्याच्या गावची काकवी आटवून त्यात खायचा लाल रंग घाली. तेच रक्त मरणाऱ्याच्या तोंडातही देत. गोड लागायचं, म्हणून काहीजण दोनदा मरायला तयार असत.

मीही एकदा माझा हात दाखवला. आईनं मालवणहून आणलेलं कोकमाचं आगळ आटवून बारा बोरं भरली. सकाळी डबा उघडला तर आत सोलकढी.

"दत्ता, तुमचं मालवणी रक्त पातळ असतं रे," जनू म्हणाला. हे त्यानं पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

काकवीची एकदाच पंचाईत झाली. आरे कॉलनीत, झाडीत डाकूंची लढाई होती. चाळीस माणसं मेली, आडवी झाली, आणि हिरोनं त्यांच्यामधून चालत येत आईला दिलेल्या वचनाचं लांब भाषण सुरू केलं. दोन मिनिटांत एक मेलेला मांडी खाजवायला लागला. मग दुसरा. मग तिसऱ्यानं कूस बदलली. डायरेक्टर कपाळावर हात मारून बसला. जवळ जाऊन पाहिलं तर मुंगळे. चाळीस जणांच्या छातीवर काकवी आणि आम्ही त्यांना नेमकं मुंगळ्यांच्या वाटेवर झोपवलेलं. हिरोचं वचन शेवटी एकट्यानं, झाडाला टेकून घ्यावं लागलं.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे एक रीत होती, 'हात लावणे'. नळीत घालण्याआधी बोर तळहातावर ठेवून मरणाऱ्यासमोर धरायचं. त्यानं बोटानं दाबून बघायचं. दबलं तर मान हलवायची, मगच ते नळीत जायचं. मास्तरांच्या हातून पूर्वी एकाच्या गळपट्टीच्या हाडाला खडा लागला होता, तेव्हापासूनची ही रीत. "ज्याला लागायचं त्यानं बघितलेलं बरं," ते म्हणत. "मग तो आणि त्याचा देव." मोठ्यात मोठा नटही हात लावल्याशिवाय उभा राहत नसे. आमचा तेव्हाचा हिरो तर बोराला हात लावून तो कपाळाला लावायचा.

दुसरी रीत जनूची. दिवसाची उरलेली बोरं घरी न्यायची नाहीत, उद्यासाठी ठेवायची नाहीत. संध्याकाळी ती मागच्या भिंतीवर मारून संपवायची. ती भिंत इतकी लाल झाली होती, की स्टुडिओत नवीन आलेली माणसं लांबून जात.

मी मुलुंडला चाळीत राहायचो. आमच्या मंडळाचं नाटक होतं आणि दुसऱ्या अंकात इन्स्पेक्टरचा खून. खऱ्या रक्ताची व्यवस्था मी करतो, असं मी फुशारकीत सांगून बसलो होतो. शुक्रवारी उरलेली बारा बोरं भिंतीवर न मारता मी बिस्किटाच्या डब्यात घातली. तळाशी नाटकाचं हँडबिल अंथरलं, वर कापूस. शनिवारी नाटक. बोर हातात लपवायचं आणि गोळीचा आवाज झाला की स्वतःच्या छातीवर आपटायचं, असं मी इन्स्पेक्टरला शिकवलं होतं. त्यानं आपटलं, फुटलं नाही. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी बडवलं. शेवटी तो तसाच कोरडा मेला. लोकांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं छाती पिटून गेला. टाळ्या पडल्या.

म्हणजे बोरांचे खडे होत आले आहेत, हे मला शनिवारीच समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो.

सोमवारी मी तो डबा कामावर नेला. दुपारच्या सुट्टीत हळूच भिंतीवर मारून टाकू, असा विचार होता. टेबलावर जनूचा डबा होता, त्याच बिस्किटांचा. कँटीनवाला रिकामे डबे आम्हाला देई, सगळे एकाच जातीचे. मी माझा शेजारी ठेवला आणि हवेची टाकी बघायला गेलो.

त्या दिवशी मागच्या आवारात हिरोचं मरण होतं. पांढरा सूट, एकच मरण. दुसरा सूट शिंप्याकडून आला नव्हता. ढग येत होते. डायरेक्टरला ऊन जायच्या आत शॉट हवा होता. "दत्ता, चल, चल," मास्तर हाका मारत होते. मी टेबलावरचा एक डबा उचलला आणि धावलो. बोर तळहातावर घेऊन हिरोसमोर गेलो. त्यानं नुकतेच पांढरे हातमोजे चढवले होते, एकेक बोट ओढून. तो मोजा काढू लागला.

मी म्हणालो, "राहू दे साहेब, मी बघितलंय."

मी बघितलं नव्हतं.

फुंकणी सुटली. डाग उमटला नाही. टक् असा आवाज आला. बोर सुटाच्या पितळी बटणावर आपटून उडालं आणि हिरोच्या तोंडावर बसलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसला. मरणाचा इतका खरा अभिनय त्यानं आयुष्यात केला नव्हता, असं कॅमेरामन नंतर म्हणाला. सगळे धावले. त्यानं कुणालाही जवळ येऊ दिलं नाही, नुसता हातानं जमिनीकडे खुणा करायला लागला.

त्याचा पुढचा दात पडला होता. आणि तो खोटा होता.

हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. ज्या हसण्यावर अख्ख्या देशातल्या मुली भाळल्या होत्या, त्या हसण्यातला मधला दात खुंटीवर बसवलेला होता. आता तो सापडेपर्यंत हिरो तोंड उघडायला तयार नाही. पन्नास माणसं गुडघ्यावर बसून गवत चाळायला लागली. डायरेक्टर, पिक्चरला पैसा लावणारे शेठ, नायिकेची आई, सगळे. शेवटी धोब्यानं हिरोच्या खांद्यावरून सुटाचा कोट उतरवून झटकला आणि आतून दात पडला. त्यानं तो पदकासारखा वर धरला. "मिल गया साहब, दाँत मिल गया," असं तो गेटपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. हिरो रुमाल तोंडाला लावून गाडीत बसला आणि गेला.

लागलं त्याला फार नव्हतं. लाज गेली होती, आणि तिचा मोबदला कुणीतरी द्यायलाच हवा होता. शेठ आमच्या टेबलाशी आले.

"गोली किसने बनाया?"

मारली कुणी, हे त्यांनी विचारलं नाही. मास्तरांनी विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "दत्ता, हात लावला होता काय?"

माझ्या काखेत डबा होता. झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं आणि कापसाखालून आमच्या मंडळाचं हँडबिल डोकावत होतं. तोवर मलाही कळलं नव्हतं की मी कुठला डबा उचलला. मी झाकण दाबलं आणि म्हणालो, "लावला होता."

नाही म्हणू शकणारा एकच माणूस होता आणि तो तोंड न उघडता घरी गेला होता.

हात लावला होता, मऊ होतं, तरी फुटलं नाही, म्हणजे दोष भरणीचा. मास्तरांनी टेबलावरचा जनूचा डबा उघडून बोरं दाबून बघितली. सगळी मऊ. जनूनं गवतातून ते उडालेलं बोर शोधून आणलं होतं. बोटांत फिरवत तो बराच वेळ बघत राहिला.

"आज जिलेटिनचा नवा पुडा काढला, मास्तर," तो म्हणाला. "एखादं नीट विरघळलं नसेल. माझ्याच हातून झालं असणार."

त्याचं इतकं बोलणं शेठना पुरलं. त्याला त्याच दिवशी जायला सांगितलं.

पुढच्या पिक्चरला मास्तर येणार नव्हते. त्यांनी आपल्या जागी जनूचं नाव दिलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोलायला मला दोन वाक्यं लागली असती. मी ती बोललो नाही. घाबरलो, हे एक कारण. दुसरं कारण लिहायला मला जड जातं. जनूच्या बाजूनं कुणी भांडायला उठणार नाही, हे मला ठाऊक होतं. आम्ही कोकणातले तिथे दहाजण होतो. जनू त्याच्यासारखा एकटा. त्याचं आडनाव आणि वस्ती ऐकून त्याच्या हातचं पाणी टाळणारे दोघं-तिघं युनिटमध्ये होते. त्याच्या हातचं रक्त मात्र ते सगळे तोंडात धरत.

संध्याकाळी मी माझ्या डब्यातली उरलेली बोरं भिंतीवर मारली. एकही फुटलं नाही. सगळी टणाटण परत आली. त्यातलं एक मी खिशात घातलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या रविवारी मी घाटकोपरला गेलो, सगळं सांगायचं ठरवून. जनूनं दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "बरं झालं तूच आलास. शेठनी तुला विचारलंय ना? मास्तर म्हणाले मला. हो म्हणून टाक. माझ्यासाठी थांबू नकोस, यार."

"जनू, मला जरा बोलायचंय."

"बोलणं राहू दे, आधी हे घे." त्यानं खाटेखालून पिशवी काढली. त्यात त्याचे शिशाचे साचे होते. "मला आता काय करायचेत? तू भरताना सुरी फार गरम करतोस, तेवढं सांभाळ. आणि आगळ घालू नकोस."

त्याची बायको हसली. मग चहा आला, पोहे आले. मी माफी मागायला गेलो होतो आणि परत निघालो तेव्हा माझ्या हातात त्याचे साचे होते. पाच किलो तरी वजन असेल. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्या साच्यांवर मी वीस वर्षं मास्तर म्हणून काढली. किती माणसं मारली, गणती नाही. एकालाही इजा झाली नाही, कारण त्या सोमवारनंतर हात लावल्याशिवाय मी कुणावर फुंकणी उचलली नाही. हिरोनं आमच्या बॅनरचं काम पुन्हा घेतलं नाही आणि त्या दिवसाबद्दल कुणापाशी बोलला नाही. बोलला असता तर दाताचं निघालं असतं. लोक मला काळजीवाला मास्तर म्हणायचे. तसं कुणी म्हटलं की मी विषय बदलायचो आणि ते त्याला माझा नम्रपणा समजायचे.

जनू एका औषधाच्या कंपनीत लागला, भांडुपला. कॅप्सूल भरायच्या मशीनवर. मी एकदा म्हणालो, "म्हणजे तेच काम की." तर म्हणाला, "तेच, पण मशीन भरतं. हाताचा भरवसा राहिला नाही रे. शंभरात एक कुठलं बिघडेल, सांगता येत नाही."



पुढे त्याच्या मुलीचं, वंदनाचं लग्न निघालं. तिथे सांगायचं असं ठरवून गेलो. सभागृहात बुद्धवंदना झाली, वधूवरांनी पुष्पहार घातले, आणि मी जनूच्या दिशेनं निघालो. एवढ्यात कुणीतरी माझ्या हातात जिलबीचं ताट दिलं. "काका, जरा ही ओळ घ्या." मी ती ओळ घेतली. जनूजवळ पोहोचलो की तो म्हणे, "वाढ, वाढ, दत्ता, संकोच करू नकोस." मी तीन पंगती वाढल्या. चौथ्या पंगतीला मला बसवलं आणि जनूनं स्वतः आग्रह करून सहा जिलब्या घातल्या. तोंडात जिलबी असताना माणसाला काही कबूल करता येत नाही, ही माझी तेव्हाची सबब.

एकदा पत्रही लिहिलं. पोस्टकार्डावर सुरुवात केली, मग लक्षात आलं की ते पोस्टमन वाचेल. आंतर्देशीय पत्र आणलं. ते माझ्या रेशनकार्डाच्या पाकिटात अजून आहे. त्यावर पत्ता आहे, 'प्रिय जनू' आहे, आणि खाली प्रकृती ठीक असल्याचं आहे.

शेवटचं जाणं तीन वर्षांपूर्वीचं. जनू तेव्हा नाहूरला वंदनाकडे राहायचा. पाय अधू झाले होते, डोकं मात्र साफ. या वेळी तोंडावर भिस्त ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं. ते बोर मी इतकी वर्षं काडेपेटीत ठेवलं होतं. काळपट लाल झालं होतं, पण अख्खं होतं. ते त्याच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, हे बघ, त्या सोमवारचं. तुझ्या नव्या पुड्याचं नव्हे, शुक्रवारचं. मी चोरलेलं. वाक्यं पाठ करून गेलो होतो.

वंदनानं चहा ठेवला. जनू खुर्चीत बसून तीच गोष्ट तिला पुन्हा सांगत होता, दाताची. धोब्याची नक्कल करत होता. "मिल गया साहब," असं म्हणून त्यानं बोटात काल्पनिक दात धरला आणि वंदना हसून हसून खुर्चीला टेकली. तिनं ती गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल.

"पण एक सांगतो," जनू शेवटी म्हणाला, "तो पुडा मी पुन्हा नीट बघायला हवा होता. दत्तानं तर हात लावून घेतला होता. त्याची काही चूक नव्हती."

वंदना कप घेऊन आत गेली. मी काडेपेटी काढली, उघडली आणि बोर तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरलं.

जनूनं ते काय आहे, कुठून आलं, असं काही विचारलं नाही. तळहातावर बोर समोर आलं की काय करायचं, ते त्याच्या बोटाला माहीत होतं. त्यानं तर्जनी टेकवली. दाबलं. पुन्हा दाबलं. आणि मान हलवली, नको म्हणून.

"खडा झालाय हा, दत्ता," तो म्हणाला. "हा मारू नकोस. लागेल कुणाला तरी."

पाठ केलेलं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. आतून वंदनानं विचारलं, "काका, साखर किती?"

"एक चमचा," मी म्हणालो. मग जनूला म्हणालो, "नाही मारत."

आणि मी बोर परत काडेपेटीत ठेवलं. जनू त्यानंतर वर्षभरानं गेला. काडेपेटी माझ्याकडेच आहे.